शिडी परत आणायची खूण
"आमचं विमान एकोणीस वर्षांत एकदाही उशिरा पोचलं नाही! लिहा, लिहा!"

माजी मॅनेजरसाहेब गच्चीवर असे गरजले, की समोर बसलेल्या वार्ताहर बाई दचकल्याच. दोन विमानांची ती छोटी कंपनी बंद पडून बावीस वर्षं झाली होती. टपाल, फुटबॉलच्या टीमा, आजारी माणसं, एकदा तर सर्कशीतलं अस्वल, सगळं नेलं तिने. पण तिच्याबद्दल चार ओळी कुणी छापल्या नव्हत्या. त्या आता येणार, म्हणून साहेबांचे पाय जमिनीवर नव्हते.

बायको मात्र "ते पुराण ऐकून माझे कान किटलेत" म्हणत बहिणीकडे निघून गेली होती.

गच्चीला जिना नव्हताच. कंपनीच्या लिलावात साहेबांनी विमानाची चाकांची शिडी घेतली आणि तीच घराला लावली! आज फोटोसाठी जुना शिडीवालाही बोलावला होता. गणवेश, कानांवर आवाज अडवणारी जाड टोपणं, सगळा थाट!

"दार लागलं, की वैमानिक असा अंगठा दाखवायचा," साहेबांनी कठड्यावरून अंगठा दाखवला, "आणि आमचा शिडीवाला..."

खाली शिडीवाल्याने अंगठा पाहिला. खाडकन ब्रेक निघाला आणि शिडी घडघडत थेट फाटकापाशी!

"अरे ए! आण ती इकडे!"

टोपणं घातलेल्याला काय कप्पाळ ऐकू येणार? साहेबांनी दोन्ही हात हलवले. त्याला तो निरोप वाटला. त्यानेही प्रेमाने हात हलवले. अर्धा तास हेच!

"परत आणायची काही खूण असेल ना हो?" बाई रडकुंडीला आल्या. हातात कॅमेरा होता, पण फोन राहिला होता खाली पर्समध्ये.

"छे!" अशाही वेळी साहेबांची छाती फुगली. "शिडी काढल्यावर आमचं विमान कधी थांबलंच नाही, तर खूण कशाला असेल?"

"मग तो शिडी लावतो तरी कधी?"

"विमान उतरल्यावर!"

बोलले आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. साहेबांनी हात पसरले आणि अडुसष्टाव्या वर्षी "घूंऽऽ" करत गच्चीला घिरट्या घातल्या. खाली ऐकू जात नाही हे ठाऊक होतं, पण अर्धवट काम कंपनीत चालत नसे!

नेमकी तेव्हाच बायको फाटकातून आत आली. "अगं बाई! दोन तास काय बाहेर गेले, तर ह्यांचं हे काय झालं?"

साहेब टाकीपाशी 'उतरले' आणि गळ्यासमोरून आडवा हात फिरवला. इंजिन बंद! शिडीवाला ताठ झाला, धावला, आणि शिडी बरोब्बर कठड्याला लागली.

"साहेब," टोपणं काढत तो म्हणाला, "इतकी वर्षं झाली, पण हात विसरले नाहीत बघा!"

साहेब चांगले झापणार होते त्याला. पण डोळेच भरून आले, आणि त्यांनी त्याला मिठी मारली.

रविवारी छापून आलं. अर्धं पान! हात पसरलेले साहेब आणि वर ठळक अक्षरांत: 'अखेर एक विमान बेचाळीस मिनिटं उशिरा!'

साहेबांनी सात अंक आणले आणि लगेच संपादकांना पत्र लिहायला बसले.

'उशीर एकोणचाळीस मिनिटांचाच होता. कृपया दुरुस्ती छापावी. कंपनीच्या अब्रूचा प्रश्न आहे!'