भिमाजींची वाजणारी गिटार

माणसाला एखादा छंद असावा, याबद्दल सर्व थोर लोकांचं एकमत आहे. असलेला छंद त्याने प्रत्यक्षात आणावा की नाही, याबद्दल मात्र थोर लोक गप्प आहेत, आणि त्यातच त्यांचा थोरपणा आहे.

उपलब्ध छंदांमध्ये गिटार हा सर्वांत निर्धोक छंद होय. पोहण्याचा छंद सांगणाऱ्याला कुणीतरी एक दिवस पाण्यात ढकलतं. स्वयंपाकाचा छंद सांगणाऱ्याच्या घरी पाहुणे जेवायला येतात. गिटारवाल्याला मात्र कुणी "वाजवून दाखवा" म्हणालं, तर "तार तुटलीय" एवढं सांगून भागतं. (एक तुटली तरी पाच उरतात, हे विचारणाऱ्याला ठाऊक नसतं. सांगणाऱ्यालाही बहुधा नसतं.)

आमच्या मावळात या छंदाचा प्रसार समाधानकारक आहे. शनिवार-रविवारी लोणावळ्याला येणारी मंडळी पाठीला गिटार लावून येतात, तशीच लावून परत जातात, आणि मधल्या काळात तिच्यासोबत फोटो काढतात. ते पाहून स्थानिक जनतेनेही गिटारी घेतल्या. मी चहाच्या निमित्ताने घरोघर फिरून केलेल्या सर्वेक्षणानुसार, दर शंभर गिटारींपैकी एकसष्ट कपाटावर आहेत, बावीस भिंतीवर, नऊ पलंगाखाली, आणि सात मालकांना सापडल्या नाहीत. उरलेली एक वाजते. आकडे पाहता परिस्थिती आटोक्यात आहे, असंच कुणीही म्हणेल. पण ती एक नेमकी आमच्या कुरवंड्यात निघाली, म्हणून हे लिहावं लागतंय.

तिचे मालक भिमाजी, भातशेती करणारे, पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ. घरामागे पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्यात. गिटार त्यांनी पुण्याहून आणली, तीही पाहुण्यांना फोटोसाठी. ती दारात येताच शालूबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, नव्या मोटारसायकलीचं करतात तसं तिचं सगळं केलं. कुंकवाची बोटं, नारळ, दांड्याला लिंबू-मिरची. दसऱ्याला ती कोयता, विळे आणि ट्रॅक्टरच्या शेजारी पूजेला बसली. तेव्हा जे हळद-कुंकू मधल्या भोकातून आत गेलं, ते अजून आतच आहे. (पूजेच्या दिवशी अवजाराला हात लावायचा नाही, असं शास्त्र आहे. गिटारीच्या बाबतीत हे शास्त्र बहुतेक घरांत वर्षभर पाळतात.)

गिटार भिंतीवर गेली आणि भिमाजींचं गावात वजन वाढलं. सोसायटीच्या सभेत त्यांना पुढची खुर्ची मिळू लागली. लेक कोमलच्या लग्नाच्या बायोडेटात 'वडील : शेती व गिटार' असं छापलं गेलं. टाकवे बुद्रुकच्या रखमाजींनी तेवढं वाचून आपल्या मुलासाठी होकार कळवला. घराण्यात कला असावी, असं त्यांचं मत पडलं. इथपर्यंत सगळं नियमाला धरून चाललं होतं.

मग कोमलने घोटाळा केला.

"दादा, नुसतीच टांगलीया ती," ती एक दिवस बापाला म्हणाली. "माज्या हळदीला एक गानं वाजवा ना. पुना मी हितं कुटं असनार?"

एकुलती एक लेक. तिचा फार जीव होता बापावर, आणि बापाचा तिच्यावर त्याहून जास्त. तिने आजवर काही मागितलं नव्हतं. मागितलं ते असं. भिमाजींनी शब्द दिला आणि गिटार खाली काढली.

लोणावळ्यात एका चिक्कीच्या दुकानाच्या माडीवर पवनसरांचा गिटारचा क्लास आहे. क्लास उत्तम चालतो, कारण दुसऱ्या महिन्यात तिथे कुणी येत नाही आणि नव्यांना जागा होते. ही व्यवस्था निसर्गानेच लावून दिली आहे. तारा दाबून बोटं दुखतात, आणि बोटं दुखणं हे गिटार सोडण्याचं सर्वांत प्रतिष्ठित कारण आहे. भिमाजींची बोटं काही केल्या दुखेनात. भातलावणी, कोयता आणि बैलाचा कासरा यांनी त्या बोटांना असे घट्टे पाडले होते, की लागत असेल तर तारांनाच लागत असावं. ते तिसऱ्या महिन्यातही हजर झाले. पवनसरांकडे तिसऱ्या महिन्यात शिकवण्यासारखं काही नव्हतं, कारण तशी वेळच कधी आली नव्हती. बिचाऱ्यांना सकाळी लवकर उठून स्वतः शिकावं लागलं.

"भाऊ, एवढं मनावर घेऊ नका हो," ते काकुळतीने म्हणाले. "छंद आहे हा."

गावातही दुष्परिणाम दिसू लागले. शेजारचे बाजीराव बरेच दिवस सोसून एका संध्याकाळी कुंपणापाशी आले.

"भाऊ, झालं न्हाई का अजून तारा जुळवून? लागा की आता वाजवायला."

"बाजीराव, मी वाजवतोयच की."

"असं व्हय!" म्हणून बाजीराव निघून गेले. पुढच्या सभेत पुढच्या खुर्चीवर तेच बसलेले दिसले. यात त्यांचा दोष नाही. न वाजवणाऱ्याला किती येतं, हे कुणालाच सांगता येत नाही. वाजवणाऱ्याला किती येत नाही, हे बाजीरावांनाही सांगता येतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते उगाच नाही.

शालूबाईंना तर लग्नाचीच काळजी लागली. "पाव्हन्यांत हसं करून घेऊ नगा," त्या म्हणाल्या. "हातात धरा, पन वाजवू नगा. त्यांनी कला बघून पोरगी केलीया."

हळदीच्या संध्याकाळी रखमाजी वऱ्हाड आणि नवऱ्याची उष्टी हळद घेऊन कुरवंड्यात पोचले. मांडवात भिमाजींचा भाचा कैलास याचा डीजे होता. (डीजेशिवाय हळद अंगाला लागत नाही, असं आमच्याकडे आता सिद्ध झालं आहे.) फोटोग्राफरने भिमाजींना स्टेजवर उभं केलं, त्यांचा हात धरून तारांवर ठेवला आणि वाजवल्यासारखं करायला सांगितलं. भिमाजी खाली उतरून भाच्यापाशी गेले.

"कैलास, एकच गानं रं. तेवढं बंद कर तुजं. पोरीला शबूद दिलाय."

कैलास मनाने हळवा. "मामा, बंद केलं तर पब्लिक उठून जाईल. तुमी बिनधास्त वाजवा, मी वरनं माजं चालू ठेवतो. चुकलं तरी कुनाला कळनार न्हाई."

एवढी सोय आजवर कुठल्याही कलावंताला मिळालेली नाही. भिमाजी स्टेजवर बसून वाजवू लागले. मांडवाचे पत्रे थरथरत होते. पहिली ओळ त्यांची त्यांनाच ऐकू आली नाही. एवढे महिने घालवून शब्द खोटा पडला, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले.

कोमल पाटावरून ते बघत होती. ती ओल्या हळदीनिशी तशीच उठली. (हळदीच्या पाटावरून नवरीने मधेच उठायचं नसतं. मावश्या-आत्या ओरडल्या, पण डीजेत त्यांचंही कुणाला ऐकू आलं नाही.) ती बापाशेजारी जाऊन बसली आणि तिने गिटारीच्या लाकडाला कान लावला. भिमाजींनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. गाणं संपेपर्यंत तिने कान काढला नाही. ती रडत होती, तेही रडत होते, आणि हात चालू होता.

"ही पोज लय भारी," फोटोग्राफर म्हणाला.

तो व्हिडिओ कुरवंड्यापासून शिरगावपर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर गेला. आवाज अर्थात कैलासच्या डीजेचा. भिमाजींना अजून फोन येतात, आणि प्रत्येक जण एकच विचारतो, "भाऊ, गिटार कंच्या कंपनीची?" रखमाजींनीही पाठवणीच्या वेळी, सून गाडीत हुंदके देत असताना, व्याह्यांना बाजूला घेऊन हेच विचारलं.

यात कुणाचंच चुकलं नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. भिमाजींनी गाणं कोणतं वाजवलं, हे बाप-लेकीखेरीज कुणाला ठाऊक नाही. मीही ते सांगितलं नाही, आणि इतका वेळ तुम्हालाही त्याची अडचण झाली नाही. कंपनीचं नावही मी सांगितलेलं नाही. ते सांगायचं राहिलं, हे मात्र तुमच्या केव्हाच ध्यानात आलं असेल.