सायकलच्या दिव्याचं तिसरं दरपत्रक

"दिवा ना? आठ दिवसांत आणतो. खरेदी कशी करायची हे मला कुणी शिकवू नये," असं तक्तेवाल्यांनी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, त्याला आज सव्वीस दिवस झाले होते.

तक्तेवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पाणीपुरवठा कार्यालयाचं भांडार ते सत्तावीस वर्षं सांभाळत होते. टाचणी असो की पंप, आधी तीन दरपत्रकं मागवायची, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा आणि मगच वस्तू घ्यायची, हा त्यांचा नेम. तीन म्हणजे तीन. एकदा तिसरं दरपत्रक आलं नाही म्हणून अख्ख्या कार्यालयाला अडीच महिने झाडू नव्हता. साहेब स्वतःच्या रुमालाने टेबल पुसत, पण तक्तेवाले बधले नाहीत. त्यांचा सगळ्यात मोठा पराक्रम म्हणजे नोंदवह्या. प्रत्येक पानावर छापील क्रमांक, शिवण अशी पक्की की एक पान फाडलं तर लगेच कळावं, आणि 'एकदा केलेली नोंद खोडू नये' हा नियम पहिल्याच पानावर ठळक छापलेला. अशा वह्या त्यांनी प्रत्येक पंपघरावर पाठवल्या होत्या, आणि वह्यांचा विषय निघाला की त्यांना चहा थंड झालेलाही कळत नसे.

त्यांची बायको रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. एकवीस वर्षं काचपट्ट्यांवर मान मोडून काम केल्यावर तिला आता कुठे बढती मिळाली होती. संध्याकाळच्या पाळीची प्रमुख! पाळी सुटायची सव्वासातला आणि शेवटची बस जायची सातला. पण तिचं बसवाचून अडत नव्हतं, कारण वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ती सायकल शिकली होती. शाळेमागच्या मैदानात, भल्या सकाळी, कुणाला न सांगता, दोन्ही गुडघे फोडून घेऊन. एक दिवस ती सायकलवर बसूनच फाटकातून आत आली, तेव्हा तक्तेवाले दाढी अर्धवट टाकून दारात आले होते. त्यांना अभिमान वाटला आणि पोटात गोळाही आला. अभिमानाचं त्यांनी सगळ्या कार्यालयाला सांगितलं. गोळ्याचं कुणालाच सांगितलं नाही.

घोडं अडलं होतं ते रस्त्यावर. घरी यायला कालव्याकाठचा रस्ता जवळचा, पण त्यावर दीड किलोमीटर एकही दिव्याचा खांब नाही. "सायकलला चांगला दिवा येईपर्यंत तू मोठ्या रस्त्यानेच यायचं," असं तक्तेवाल्यांनी फर्मान काढलं. मोठा रस्ता दुप्पट लांब. तिला घरी पोचायला सव्वाआठ वाजत. शेवटी मंगळवारी जेवताना ती म्हणाली, "अहो, शुक्रवारी मला लेखी कळवायचंय, ही पाळी कायमची घेते की नाही ते. दिवसभर उभं राहायचं आणि वर रोज तो लांबचा रस्ता, हे जन्मभर होणार नाही माझ्याच्याने. दिवा आला नाही, तर मी नको म्हणून कळवते."

"शुक्रवारच्या आत येईल."

"आज मंगळवार आहे."

"प्रक्रिया अंतिम टप्प्यात आहे. तिसरं दरपत्रक तेवढं यायचंय," तक्तेवाले म्हणाले.

बायकोने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी तक्तेवाले सायकलवाल्याच्या दुकानात गेले. ही त्यांची सातवी फेरी. पहिल्या फेरीत त्यांनी त्याला दिवा कसा असावा याचा चार पानी मसुदा दिला होता. तो वाचून सायकलवाल्याने विचारलं होतं, "साहेब, दिवा घ्यायचाय की धरण बांधायचंय?" तो माणूस मात्र भला होता. त्याने तीन एलईडी दिवे पुन्हा काउंटरवर मांडले. पहिला सगळ्यात स्वस्त, पण नुसता उघडझाप करणारा. तिसरा महाग आणि एवढा प्रखर की सायकलवाल्याने तो लावताना तोंड फिरवलं. मधला अगदी साधा दिसणारा.

"हा मधला घ्या डोळे मिटून," सायकलवाला म्हणाला. "दिव्याचा उजेड किती यापेक्षा तो पडतो कुठे ते बघायचं असतं. याचा खाली रस्त्यावर पडतो, समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. मोबाइलसारखा चार्ज होतो, पावसात चालतो, मागचा लाल दिवा त्याच किमतीत. मागच्या महिन्यात एक बाई आल्या होत्या, दहा मिनिटांत हाच घेऊन गेल्या."

दहा मिनिटांत! अशा लोकांमुळेच बाजार सोकावतो, असं तक्तेवाल्यांच्या मनात आलं. शिवाय विक्रेता एखादी वस्तू इतक्या आग्रहाने पुढे करतो, त्या अर्थी पाणी कुठेतरी मुरतंय. त्यांनी तिन्ही दिव्यांना 'अ', 'ब', 'क' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या आणि तक्त्यात 'ब'समोर लिहिलं: 'शिफारस संशयास्पद.' मग म्हणाले, "तिन्ही दोन दिवसांसाठी द्या. प्रत्यक्ष वापराच्या परिस्थितीत चाचणी घ्यावी लागेल."

"आणि तुम्ही परत आला नाहीत तर?"

तक्तेवाल्यांनी कार्यालयाचं ओळखपत्र काढून काउंटरवर ठेवलं.

प्रत्यक्ष वापराची परिस्थिती म्हणजे कालव्याचा रस्ता आणि संध्याकाळची साडेसातची वेळ. गुरुवारी त्यांनी अडगळीतली स्वतःची जुनी सायकल काढली आणि तिन्ही दिवे एकाच वेळी हँडलवर बसवले. का, तर आधी एक आणि मग दुसरा लावला आणि तेवढ्यात आभाळ स्वच्छ झालं, तर तुलना सदोष ठरते. हँडलला सुतळीने तक्त्याचं पुठ्ठ्याचं पॅड अडकवलं, कानाला पेन्सिल लावली आणि निघाले.

कालव्याच्या रस्त्यावर वळताच त्यांनी तिन्ही दिवे सुरू केले. 'क'चा उजेड सरळ झाडांच्या शेंड्यांवर गेला आणि तिथे झोपलेल्या सगळ्या पाखरांनी एकदम तक्रार नोंदवली. 'अ' उघडझाप करू लागला, त्यामुळे रस्ता क्षणभर दिसे आणि क्षणभर नाहीसा होई. 'ब'ने मात्र खालीच उजेड टाकला होता, पण त्याच्या पुढ्यात तक्त्याचं पॅड हेलकावे खात होतं. त्यामुळे रस्त्यावर सगळ्यात स्पष्ट काय दिसत असेल तर तो तक्ता. तक्तेवाल्यांनी चालत्या सायकलवर 'ब'समोर लिहिलं: 'अक्षर सुवाच्य दिसते.'

तेवढ्यात पुढे कालव्याच्या कठड्यावर कुणीतरी बसलेलं दिसलं. शेजारी सायकल उभी. 'अ' विझला तेव्हा माणूस नाहीसा झाला, पेटला तेव्हा तो उठून उभा होता, पुन्हा पेटला तेव्हा सायकलवर बसून निघालाही होता. अंधारात एक लाल ठिपका तेवढा लांब जाऊ लागला.

तक्तेवाल्यांना आनंदाचं भरतं आलं. तक्त्यात एक रकाना अजून रिकामा होता: 'समोरील व्यक्तीस किती अंतरावरून दिसते.' आणि ती समोरील व्यक्ती नेमकी पळून चालली होती.

"थांबा, एक माहिती हवी आहे," ते ओरडले. पण पाच वर्षांनी सायकल चालवत होते. छातीचा भाता झालेला, त्यामुळे तोंडातून नुसती घरघर बाहेर पडली. लाल ठिपक्याने वेग वाढवला. तक्तेवाल्यांनीही वाढवला. तिन्ही दिवे खडखडू लागले. कालव्यापलीकडच्या कुत्र्यांनी हे सगळं बघून आपापलं मत द्यायला सुरुवात केली.

"फक्त अंतर सांगा," ते पुन्हा घरघरले.

लाल ठिपका पंपघराच्या आवारात वळला आणि विझला. पाठोपाठ कुणाचं तरी बोलणं, धावपळ आणि काहीतरी खाली आल्याचा आवाज ऐकू आला. तो होता रस्ता अडवायचा बांबू. पंपघराचा रखवालदार गाड्या थांबवायला तो वापरत असे. त्या बांबूला अंधारात चमकणारा रंग द्यावा, अशी मागणी दोन वर्षांपूर्वी तक्तेवाल्यांच्याच टेबलावर आली होती. तिसरं दरपत्रक अजून यायचं होतं.

'अ' पेटला तेव्हा तक्तेवाल्यांना समोर बांबू दिसला. विझला तेव्हा वाटलं, भास झाला असेल. पुन्हा पेटायची वेळ आली नाही. सायकल बांबूपाशी थांबली आणि तक्तेवाले पुढे गेले. कालव्यातून उपसून काढलेल्या ओल्या जलपर्णीचा मोठा ढीग तिथे होता, त्यात ते कमरेपर्यंत गडप झाले.

"हलू नकोस," रखवालदार काठी घेऊन धावला. "एकट्या बाईमाणसाच्या मागे लागतोस? नाव काय तुझं? ओळखपत्र काढ."

"ओळखपत्र सायकलवाल्याकडे आहे," ढिगातून आवाज आला. "आधी माझा तक्ता बघा कुठे पडला ते."

आवारातल्या अंधारातून कुणीतरी पुढे आलं. हातात एक छोटा दिवा होता. त्याचा उजेड खाली जमिनीवर पडत होता. तो हळूच वर झाला आणि तक्तेवाल्यांच्या डोक्यावरच्या पानांवर थांबला.

"अहो?"

रखवालदाराने काठी तशीच धरून विचारलं, "ताई, तुम्ही ओळखता याला?"

बायकोला अजून धाप लागली होती. "ओळखते," ती म्हणाली. "सव्वीस वर्षं झाली."

तक्तेवाले ढिगातून कसेबसे बाहेर आले. अंगावरून पाणी ठिबकत होतं. अशा अवस्थेतही त्यांनी नवऱ्याचा आवाज काढायचा प्रयत्न केला. "तू इथे कशी? तुला मोठ्या रस्त्याने यायला सांगितलं होतं ना?"

उत्तर रखवालदाराने दिलं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत! "ताई रोज याच रस्त्याने येतात की, साहेब. महिना होत आला. कठड्यावर बसतात अर्धा तास, पाणी बघतात, शेंगदाणे खातात. मलाही देतात मूठभर. मग जातात."

तक्तेवाल्यांनी बायकोच्या हातातल्या दिव्याकडे बघितलं. तो 'ब' होता. मागचा लाल दिवा त्याच किमतीत.

"पाळी बदलली त्याच दिवशी घेतला," ती म्हणाली. "लवकर घरी आले असते तर तुम्हाला कळलं असतं, म्हणून इथे बसायला लागले. नंतर ते बसणंच आवडायला लागलं. अर्धा तास कुणी हाक मारत नाही, काही मागत नाही."

"मग त्या दिवशी पाळी सोडते म्हणालीस, ते?"

"म्हटलं, आता तरी तुम्ही दिवा आणाल. तुमचा होकार हवा होता मला. चोरून किती दिवस यायचं? चोरून यायचं असेल तर खरंच नको ती पाळी."

तक्तेवाल्यांच्या कानावरची पेन्सिल अजून जागेवर होती, ती त्यांनी काढून खिशात घातली. मग खाली बघत म्हणाले, "दिव्याचं तिसरं दरपत्रक आलंय. दोन आठवडे झाले. ड्रॉवरमध्ये आहे."

"काय?"

"दिवा आणला असता तर तू या रस्त्याने आली असतीस. अंधारात, एकटी. कुणी तुझ्या मागे लागलं असतं तर काय केलं असतं, या विचाराने मला झोप येत नव्हती. म्हणून ठेवून दिलं."

बायकोने पुढे होऊन त्यांच्या खांद्यावरचं जलपर्णीचं मूळ काढून टाकलं. "महिनाभर मी या रस्त्याने येतेय," ती म्हणाली. "एकदाही भीती वाटली नाही. आज माझ्या तोंडचं पाणी पळालं, आणि मागे लागणारे तुम्ही होतात."

सायकलचं पुढचं चाक वाकलं होतं, म्हणून दोघं चालतच घरी निघाले. बायको आपल्या छोट्या दिव्याचा उजेड त्यांच्या पायांपुढे धरून चालली. कालव्याच्या कडेचा प्रत्येक दगड दिसत होता. अर्ध्या वाटेवर तक्तेवाले म्हणाले, "उद्या हो म्हणून कळव."

"तक्त्याचं काय?"

"तो ढिगातच राहिला," ते म्हणाले.

शुक्रवारी तिने होकार लिहून दिला. त्याच दिवशी तक्तेवाल्यांनी सायकलवाल्याकडून ओळखपत्र सोडवलं, 'अ' आणि 'क' परत केले, चाक सरळ करून घेतलं आणि 'ब' स्वतःच्या सायकलसाठी ठेवून घेतला. सगळं मिळून नऊ मिनिटं लागली. सायकलवाला त्यांच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसा बघत होता.

शनिवारी ते एकटेच पंपघरावर गेले. बरोबर बांबूसाठी चमकणाऱ्या रंगाचा डबा होता आणि एक विनंती होती.

"त्या दिवसाची नोंद केली असशील ना तू वहीत?"

रखवालदाराने मोठ्या अदबीने नोंदवही उघडून वाचून दाखवलं. "सायंकाळी सात चाळीस. तीन दिवे लावलेला एक इसम ताईंचा पाठलाग करताना आढळला. ओळखपत्र नाही. नवरा असल्याचे ताईंनी सांगितल्यावरून सोडला. जलपर्णीचा ढीग विस्कटला."

"हे जरा खोडता येईल का?"

"कसं खोडणार, साहेब? पहिल्याच पानावर नियम छापलाय. पान फाडावं तर क्रमांक आहेत," रखवालदार हळहळून म्हणाला. "फार चांगली वही आहे. तुमच्याच कार्यालयातून आली. शेऱ्याचा रकाना तेवढा मोकळा आहे, त्यात काय ते लिहा."

तक्तेवाल्यांनी वही हातात घेतली. शिवण ओढून बघितली. एक धागाही हलला नाही. मग त्यांनी कानावरची पेन्सिल खिशात ठेवली, रखवालदाराचं पेन मागून घेतलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'नोंद बरोबर आहे.' खाली सही केली. सवयीने, तीनदा.