एका ओळीची दुरुस्ती

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर एउजेनियाचे मामा फोन करून तिच्या आणि झेफेरिनोच्या लग्नाचा होकार-नकार कळवणार होते. म्हणून त्याला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. पूर्व तिमोरमधल्या दिली शहरात, त्यांच्या टेकडीवरच्या चौदा घरांत त्यानेच इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनचे डबे बसवले होते. डब्यांतलं फर्मवेअर, म्हणजे डबा चालवणारा प्रोग्रॅम, जगभरातल्या हौशी लोकांनी लिहून फुकट वाटलेलं. कोणीही उघडावं, बदलावं. मामांचा आवाज स्वच्छ यावा म्हणून झेफेरिनोने त्यात स्वतःची कोडची एक ओळ घुसवली आणि ते सगळ्या डब्यांत चढवलं.

दहा वाजता फोन वाजला. त्याच्या घरी वाजला, शेजारी वाजला, खाली पाववाल्याकडेही वाजला. चौदाही घरांनी उचलला.

"झेफेरिनो?" मामांनी विचारलं.

"मी दोमिंगास, शेजारीण. काय काम होतं?"

झेफेरिनो "मामा, मी बोलतोय" म्हणून ओरडला. कोणाला ऐकूच गेलं नाही. त्याच्या डब्यातून आवाज येत होता, पण जात नव्हता. त्याने बटणं दाबली, वायर काढून पुन्हा लावली, डब्याला चापट मारली. तोवर मामांनी दोमिंगासला विचारलंही होतं, की मुलगा कसा आहे.

तो मामांच्या घराकडे टेकडी चढत पळत सुटला.

म्हाताऱ्या मंडळींनी स्पीकर चालू ठेवले होते, त्यामुळे त्याला वाटेत एक शब्दही चुकवता आला नाही. पहिल्या खिडकीतून कळलं, की वायर ओढायला महिनाभरात तो दोमिंगासच्या छपरावर चारदा चढला आणि दोन पत्रे फोडून उतरला. वळणावर पाववाला सांगत होता, की पोराचा हात चांगला, पण तोंडाला विसावा नाही. विहिरीपाशी कोणीतरी त्याच्या स्वयंपाकाचा विषय काढला. तिथे त्याने वेग वाढवला.

मामांच्या दारात तो धापा टाकत पोचला. मामांनी फोन कानाला धरूनच त्याला हाताने थांबवलं. बराच वेळ "हं, हं" केल्यावर त्यांनी फोन ठेवला.

"सगळं ऐकलंस?"

झेफेरिनोने मान डोलावली. छातीत श्वास मावत नव्हता.

"खरं सांगू? मी नाही म्हणायलाच फोन केला होता," मामा म्हणाले. "तू फार बोलतोस. मागच्या वेळी मला कॉफीसुद्धा सुखाने पिऊ दिली नाहीस. पण आज फोन उचललास, अख्ख्या टेकडीने तुझी सालटी काढली, आणि तू उलटून एक शब्द बोलला नाहीस. एवढा संयम मला तरी जमला नसता. माझा होकार आहे."

झेफेरिनोने खरं सांगायला तोंड उघडलं, पण खोकलाच आला. मामा कौतुकाने हसले आणि पाणी आणायला आत गेले.

एउजेनिया खांबाला टेकून उभी होती.

"माइक बंद पडला होता ना?" तिने हळूच विचारलं.

त्याने पुन्हा मान डोलावली.

"लग्न होईपर्यंत दुरुस्त करू नकोस," ती म्हणाली.