राक्षसाच्या दारात त्रिशलाबाई

कसबा बावड्यात आपल्यासारखा लढवय्या दुसरा नाही, असं जिनेंद्रचं स्वतःविषयी प्रामाणिक मत होतं. इंजिनिअरिंगच्या अभ्यासासाठी म्हणून घेतलेल्या कॉम्प्युटरवर तो शूरवीर बनून जंगलं पालथी घालायचा, दरोडेखोर लोळवायचा. घोडं अडलं होतं ते शेवटच्या किल्ल्यात. तिथला राक्षसराजा त्याला दर वेळी एका फटक्यात आडवा करायचा. "उद्या त्याचा निकालच लावतो," असं त्यानं धाकट्या बहिणीला, भाग्यश्रीला, छातीठोकपणे सांगितलं आणि ताकद वाढावी म्हणून खेळातल्या एका खेड्यात शिरून तिथल्या कोंबड्या कापायला घेतल्या.

नेमक्या त्याच वेळी आई चहा घेऊन आत आली.

त्रिशलाबाई म्हणजे भाजी निवडताना अळी सापडली तर तिला पानासकट परसात सोडून येणारी बाई. त्यात जैनांच्या पर्युषणाचे दिवस. कपबशी हातातच राहिली.

"काय करालास रं, जिन्या?"

"आई, खोट्या हायत त्या कोंबड्या."

"कोंबड्या खोट्या असतील. मारणारा खरा हाय की."

त्यांनी थेट इचलकरंजीला भावाला फोन लावला. आण्णामामांचा यंत्रमागाचा कारखाना होता आणि तिथल्या ऑफिसात कॉम्प्युटर हवा म्हणून ते कधीचे मागे लागले होते. "आण्णा, उद्या टेम्पो घिऊन ये. आमच्यातलं यंत्र घिऊन जा."

जिनेंद्रच्या पायाखालची जमीन सरकली. कॉम्प्युटर गेला म्हणजे अभ्यास गेला, याचं दुःख त्याला पेलवलं असतं. पण राक्षस जिवंत सोडून जायचं म्हणजे जन्माची नामुष्की!

"आई, ह्यो खेळ धर्माचाच हाय. बघ, कोपऱ्यात पाप-पुण्याचा काटा हाय. एक बी जीव न मारता जिंकता येतंय."

येतं की नाही, हे त्याला अजिबात ठाऊक नव्हतं. बुडत्याला काडीचा आधार.

"मग जिंकून दाखव. मामा यायच्या आत. मी शेजारी बसती."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच वेशीवर शिपायानं शूरवीराला अडवलं. पडद्यावर इंग्रजी उमटलं. "ह्यो म्हणतोय, या वीरा, स्वागत हाय," जिनेंद्रनं मराठी करून सांगितलं.

"खोटं बोलतोय," मागून भाग्यश्री म्हणाली. "शिपाई विचारालाय, कोंबड्या कुणी मारल्या? खोटं बोल, लाच दे, न्हायतर कबूल कर."

"कबूल कर," त्रिशलाबाई म्हणाल्या.

"आई, जेलात टाकत्यात."

"टाकू द्यात. केलंयस न्हवं? मग फेड."

शूरवीर मुकाट गजाआड गेला. सुटून आला तेव्हा तलवार जप्त झालेली, अंगातली ताकद उतरलेली. पुण्याचा काटा तेवढा वर चढला होता. पुढं तर कहरच झाला. वाटेत दरोडेखोर आले, त्रिशलाबाईंनी त्यांना भाकरी वाढायला लावली. लांडगा आडवा आला, त्यालाही वाढली. खेळातला सूर्य कलला की त्या ओरडायच्या, "अंधार पडायच्या आत खाऊ घाल त्याला!" दरोडेखोर वाट सोडत गेले. लांडगा सोबतीला आला. जिनेंद्रला हसावं की रडावं कळेना.

शूरवीर किल्ल्याच्या दारात पोचायला आणि मामा दोर घेऊन घरात शिरायला एकच गाठ पडली.

"आक्का, कुठाय यंत्र?"

"बस, आण्णा. आमी आधी राक्षसाकडं जाऊन येतो."

सिंहासनावरून राक्षसराजा उठला. मामा दोर विसरून पुढं सरकले. "हाण की त्याला, जिन्या!"

"कशानं हाणू, मामा? तलवार जेलात हाय."

पडद्यावर तीन ओळी आल्या: लढ, पळ, क्षमा माग. जिनेंद्रनं आजवर पहिली ओळ सोडून दुसरीकडं कधी पाहिलंच नव्हतं.

"क्षमा माग," त्रिशलाबाई म्हणाल्या.

"आई, गावं त्यानं जाळल्यात. मी कशाची क्षमा मागू?"

"आपन त्याच्या घरात न विचारता शिरलोय. ते बी पायताण घालून. पर्युषण संपल्यावर आपन साऱ्या जगाची क्षमा मागतोय, मग ह्यो काय जगाभायेरचा हाय?"

जिनेंद्रनं तिसरी ओळ दाबली. राक्षसानं हात उचलला. मामांनी डोळे मिटून घेतले. आणि तो हात तसाच खाली आला.

भाग्यश्री वाचू लागली, "माझ्या दारात आजवर सगळे तलवार उपसून आले. हात जोडून आलेला तू पहिलाच."

राक्षसानं मुकुट उतरवून शूरवीराच्या पायाशी ठेवला. तुताऱ्या वाजल्या. मामांनी दोर गुलालासारखा वर उधळला तो पंख्यात अडकला. जिनेंद्रला आईचा इतका अभिमान वाटला की तो वाकून तिच्या पाया पडला.

"आक्का, यंत्र ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "पन ह्यो खेळ मला बी शिकीव. कामगारांशी भांडताना उपयोगी पडंल."

मामा रिकामा टेम्पो घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी जिनेंद्र कॉलेजातून धावतच आला. आता तोच राक्षस तलवारीनं कसा लोळवतो बघा! पण खुर्चीत त्रिशलाबाई बसल्या होत्या, नाकावर चष्मा. पडद्यावर नुसती दगडी भिंत.

"आई, हे काय?"

"भाग्यश्रीकडनं नवा डाव मांडून घेतला. वाटंत एकाच्या मळ्यातला कोबी न विचारता उपटला. मग शिपायाला सांगून टाकलं."

"बरं, ऊठ की आता. मला बसू दे."

"शिक्षा संपल्याबिगर कशी उठू? जा, कुकर बघ. मी जेलात हाय."