पाहुण्यांची बाजू

आमच्या सासूबाई कुठलाही सामना पाहायला बसल्या की आधी एकच प्रश्न विचारतात. "यातले पाहुणे कोण?" खेळ कोणता, गुण किती, वेळ किती उरलाय, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. पाहुणा संघ कळला की त्या पदर खोचतात आणि शेवटपर्यंत त्या संघाच्या होऊन जातात. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "घरच्यांना टाळ्या वाजवायला अख्खं गाव आहे. त्यांचं इथे कोण आहे?"

हा बाणा जुना आहे. कराडला त्यांच्या घरासमोर शाळेचं मैदान होतं आणि त्या शाळेच्या मुलींच्या खो-खो संघाचे शिक्षक होते खुद्द माझे सासरे, अण्णा. सामन्याच्या दिवशी मैदानाच्या एका टोकाला अण्णा घसा ताणून आपल्या मुलींना सूचना देत असायचे. दुसऱ्या टोकाला सासूबाई बाहेरगावच्या मुलींना लिंबाचं सरबत पाजत सांगत असायच्या, "ती तीन नंबरची कायम डावीकडे हुलकावणी देते. लक्षात ठेव." एका वर्षी अशाने शाळेची ढाल गेली. अण्णा दोन दिवस घरात कोणाशी बोलले नाहीत. सासूबाई अजून सांगतात, की ते दोन दिवस फार सुखाचे गेले.

एकदा टीव्हीवर फुटबॉलचा अंतिम सामना लागला होता. हे मैदान दोघांपैकी कोणाचंच नाही, असं मी त्यांना सांगितलं.

"म्हणजे कार्यालय घेतलंय म्हणा," त्या म्हणाल्या. मग दोन्हीकडच्या वऱ्हाडाचं करता करता त्या अर्ध्या तासात इतक्या दमल्या, की मध्यंतराला जाऊन झोपल्या.

यंदा मार्चअखेरीस त्या माझ्याकडे बेस्टला आल्या. बेस्ट हे नेदरलँड्समधलं, आइंडहोवनला लागून असलेलं गाव. मी तिथे बारा वर्षं राहतो आणि यंत्रांची माहितीपुस्तकं लिहितो. माझी पत्नी, म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, नोव्हेंबरात गेली. तेव्हा त्यांना येता आलं नव्हतं. अण्णांना जाऊन नऊ वर्षं झाली, त्यामुळे कराडच्या घरी त्या एकट्याच असतात. नव्वद दिवसांचा व्हिसा घेऊन त्या आल्या.

पूर्वी त्या आल्या की पहिल्या दिवशीच स्वयंपाकघर ताब्यात घेत. डबे हलत, मिठाची जागा बदले, माझाच कप मला विचारून घ्यावा लागे. या वेळी मात्र त्या रोज स्वयंपाकघराच्या दाराशी थांबून विचारत, "अविनाशराव, चहा टाकला तर चालेल ना?" मुलगी नसलेल्या घरात सासू कोण असते, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही. पुढच्या वर्षी याल का, एवढंच मला त्यांना विचारायचं होतं. अकरा आठवडे मी ते वाक्य मनात तपासत होतो. त्यांचं विमान गुरुवारी होतं.

आधीच्या रविवारी रॉटरडॅमला बेसबॉलचा सामना होता. आमच्या शेजारी राहणाऱ्या पीटचा गुडघा सुजला, म्हणून त्याने आपली दोन तिकिटं आम्हाला दिली. या देशात बेसबॉल खेळतात, त्यावर पोट भरणारेही थोडे आहेत, हे मला बारा वर्षांत कळलं नव्हतं. कोणतीही गोष्ट आधी वाचल्याशिवाय मला पाहता येत नाही. वाचनालयातून नियमांचं पुस्तक आणून मी चार दिवस वाचलं. आइंडहोवनला गाडी बदलल्यावर मी सासूबाईंना त्यातले नियम समजावू लागलो. तिसऱ्या नियमाला त्यांना झोप लागली.

मैदान आटोपशीर होतं. आमच्या बाजूच्या पायऱ्या माणसांनी भरलेल्या होत्या. पलीकडे पाहुण्या संघाचे म्हणून मोजून सहा जण बसले होते. सासूबाई तडक तिकडे निघाल्या.

"आई, आपली तिकिटं या बाजूची आहेत."

"ती पीटची बाजू झाली. चला."

पलीकडे कोणी तिकीट विचारलं नाही. सातवा आणि आठवा माणूस मिळाला, याचाच तिथे आनंद होता. पाहुण्यांची फलंदाजी सुरू झाली.

"नाणेफेक जिंकले वाटतं?" सासूबाईंनी विचारलं.

"नाणेफेक नसते यात. पाहुणा संघच आधी खेळतो."

"दर वेळी?"

"नियमच आहे."

"कारण काय?"

मी पुस्तक चाळलं. कारण दिलेलं नव्हतं.

"पुस्तकात काय बघताय? पहिली पंगत पाहुण्यांची. घरचे मागाहून." त्यांनी सगळ्या मैदानावरून एकवार नजर फिरवली. "चांगल्या घरचा खेळ आहे हो हा."

त्यानंतर त्या खेळाला त्यांनी सात खून माफ केले असतील. फक्त दोन गोष्टींना त्यांची मान्यता मिळाली नाही. फलंदाज चेंडू मारला की बॅट तिथेच टाकून पळतो, हे पाहून त्या म्हणाल्या, "आणि ती उचलायची कोणी? त्याच्या आईने?" दुसरी गोष्ट म्हणजे फलंदाजाच्या मागे मुखवटा लावून बसणारा खेळाडू. "त्या बिचाऱ्याला मघापासून उकिडवं बसवलंय. चाळिशीत गुडघे जाणार त्याचे. पीटही हेच खेळायचा का?"

पाचव्या डावात पाहुण्यांचा चौदा नंबरचा, एक लांबलचक मुलगा, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावताना गाठायच्या दोन ठाण्यांच्या, मध्ये सापडला. दोन्हीकडे घरचे खेळाडू, हातात चेंडू. तो इकडे पळाला की चेंडू तिकडे जायचा, तिकडे पळाला की इकडे. सासूबाई उभ्या राहिल्या. हा खेळ त्यांना जन्मापासून येत होता.

"मागं फिर! फिर मागं! पाठ नको दाखवू त्याला! आता हुलकावणी! डावीकडे रे, डावीकडे!"

चारशे लोकांनी माना वळवल्या. त्या मुलाला मराठी येत असणं शक्य नव्हतं. पण तो डावीकडे झुकला, समोरच्याच्या हातातून चेंडू निसटला आणि मुलगा पोटावर घसरत तिसऱ्या बेसला पोचला. उठून त्याने अंगावरची माती झटकली आणि आमच्याकडे बघून टोपी काढली. सासूबाईंनी त्याला हाताने खूण केली, की पुढे बघ.

आमच्या शेजारी पाहुण्यांच्या गोटातले एक आजोबा बसले होते. ते हसून हसून खोकत होते. त्यांनी माझ्याकडे वाकून डचमध्ये विचारलं, "तुमच्या आई का?"

साधा प्रश्न होता. बायकोची आई, असं सांगायला गेलो तर पुढे बायकोबद्दल सांगावं लागणार होतं. माझ्या सासूबाई होत्या म्हणावं की आहेत म्हणावं, हेही मला ठरवता येईना. आजोबांचं हसू जरासं ओसरलं, तेव्हा कुठे मी "हो" म्हणालो.

"काय म्हणत होते?" सासूबाईंनी विचारलं.

"कुठून आलात म्हणून विचारत होते."

त्या पुन्हा मैदानाकडे बघू लागल्या.

पाहुणे सणसणीत हरले. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात त्यांची फलंदाजी संपली आणि लोक उठायला लागले.

"हे काय? घरचे बसलेच नाहीत?"

"ते पुढेच आहेत, आई. त्यांना गरज नाही खेळायची."

"पोटं भरलेली दिसतात," त्या म्हणाल्या. मग हरलेला संघ सामान भरून मैदानाबाहेर जाईपर्यंत त्या उभ्याने टाळ्या वाजवत राहिल्या. सहा जण आणि मीही उभे राहिलो. बसायचं कसं, हा प्रश्नच होता.

स्टेशनकडे जाणाऱ्या ट्राममध्ये गर्दी नव्हती. मी अकरा आठवड्यांचं ते वाक्य एकदाचं म्हणून टाकलं. "आई, पुढच्या वर्षी याल ना?"

त्या खिडकीबाहेर पाहतच म्हणाल्या, "कोण म्हणून येऊ?"

मी हातातलं नियमांचं पुस्तक उगाच उघडलं.

"मूडर म्हणजे आई, एवढं कळतं मला आता. पीट त्याच्या मूडरच्या गोष्टी सांगतो ना बागेत. मघाशी त्या आजोबांना उत्तर द्यायला तुम्ही फार वेळ लावलात, अविनाशराव." आवाजात राग नव्हता. "मी तक्रार नाही करत. मलाही कराडला कोणी विचारलं, जावयाकडे जाताय का, तर मी असाच वेळ लावते."

शब्द शोधायचं माझं कामच आहे. तो शोधता शोधता ट्राम दोन थांबे पुढे गेली.

"कोण म्हणून ते मला ठाऊक नाही, आई," मी शेवटी म्हणालो. "पण या."

त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसती ट्रामच्या धक्क्याची, ते कळलं नाही. मग त्या म्हणाल्या, "मेधा असती तर तिसऱ्या डावातच उठली असती."

अकरा आठवड्यांत ते नाव आमच्यापैकी कोणीतरी पहिल्यांदाच उच्चारलं होतं.

"दुसऱ्या," मी म्हणालो.

"दुसऱ्याच!" सासूबाई हसायला लागल्या. "लहानपणी खो-खोच्या मैदानावरूनसुद्धा पळायची. म्हणायची, आई, तू सामन्याला असलीस की मला लाज वाटते." हसता हसता त्यांनी चष्मा काढला, पदराने डोळे पुसले, आणि चष्मा पुसायचं राहून गेलं म्हणून तोही पुसला. मी माझ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत होतो. रस्त्यावरच्या सायकली मला नीट दिसत नव्हत्या.

स्टेशन आलं. उतरताना त्यांनी माझा दंड धरला.

"यांचे सामने कधी सुरू होतात हो?"

"एप्रिलमध्ये. पण तेव्हा थंडी असते, आई."

"असू दे," त्या म्हणाल्या. "त्या चौदा नंबरला डावी बाजू अजून नीट जमत नाही."