सासूबाईंच्या रायफलचा चाप

हातात स्क्रू ड्रायव्हर आला की मी वेगळाच माणूस होतो. हे मीच सांगतो, कारण घरातलं दुसरं कुणी सांगत नाही! आमच्या मिक्सरला विचारा. म्हणजे सध्या तो बोलण्याच्या अवस्थेत नाही, पण त्यात दोष त्याच्या प्रकृतीचा होता. मी माझ्याकडून शर्थ केली होती.

तर त्या गुरुवारी मी आमच्या सासूबाईंना छातीठोकपणे सांगितलं, "आई, त्या कोचसरांची वाट कशाला बघता? चाप हलका करायचा ना? दोन स्क्रूंचं काम! चहा थंड व्हायच्या आत करून देतो."

सासूबाई म्हणजे निवृत्त टायपिंग शिक्षिका. निवृत्त झाल्यावर लोक बागेत फिरायला जातात. या नेमबाजीच्या क्लबात गेल्या! आणि नुसत्या गेल्या नाहीत, एअर रायफल खांद्याला लावून अशा उभ्या राहायला लागल्या, की समोरचं लक्ष्य आपणहून छर्‍याखाली येईल. पण गेले काही आठवडे, ही नवी रायफल घेतल्यापासून, त्यांचं बिनसलं होतं. चाप ओढताना बोट ताठ व्हायचं, रायफल थरथरायची आणि छर्रा भलतीकडे जायचा.

"चाप फार जड लागतोय हो, जावईबापू," त्या रायफलच्या पेटीवर हात ठेवून म्हणाल्या. "नाहीतर चाप तोच असेल, बोटच म्हातारं झालं असेल. रविवारची स्पर्धा खेळते आणि थांबते. उगाच जागा अडवून काय करायचं?"

हे त्या किती सहज म्हणाल्या! आयुष्यभर दुसर्‍यांच्या बोटांना वळण लावलेली बाई, आणि स्वतःच्या बोटापुढे हात टेकत होती. मी किल्लीसाठी हात पुढे केला.

त्यांनी आधी मिक्सरकडे बघितलं. मग पेटीची किल्ली दिली. "छर्रा भरायचा नाही. आणि नळी कायम पलंगावरच्या गाद्यांकडे."

"आई, मी काय लहान आहे?"

त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. बायको तिच्या लायब्ररीत होती. घरात मी, रायफल आणि माझी प्रतिभा!

चापाजवळ बारीक स्क्रू होते. एक फिरवला, काही झालं नाही. दुसरा फिरवला, तर चापाचं पातंच, म्हणजे बोटाने ओढायचा तो वाकडा तुकडा, सैल होऊन मागे सरकलं. 'असू दे, बिचार्‍याला मागेच बरं वाटत असेल,' असं म्हणून तिथेच घट्ट केलं. मग पहिला पुन्हा फिरवला. फिरवतच राहिलो. शेवटी चाप इतका हलका झाला, की नुसतं बोट लागलं तरी टक्! वा! लोणी झालं होतं, लोणी!

आता सांगा, मीठ न चाखता स्वयंपाक झाला असं कोण म्हणेल? पलंगावर गाद्यांची चळत होती. मी त्यावर कागद लावला आणि एक छर्रा भरला. एकच! तेवढ्यात लक्षात आलं की चष्मा नाही. म्हणून रायफल टेबलावर ठेवली. ठेवली म्हणजे अगदी अलगद, झोपलेलं बाळ ठेवावं तशी.

ती उडाली!

नळी होती गॅलरीकडे. आणि गॅलरीत होती आमची पाण्याची प्लास्टिकची टाकी, उन्हाने पापडासारखी झालेली. तिच्या ऐन पोटातून पाण्याची धार निघाली ती थेट कठड्यावरून खाली! मी धावत जाऊन भोकात बोट घातलं. धार थांबली. पण मीही थांबलो. बोट काढलं की धार, घातलं की मी अडकलेला.

दुसर्‍या हाताने खिशातला फोन काढून बायकोला लावला. लायब्ररीत ती नेहमी कुजबुजतच बोलते.

"काय आहे?"

"अगं, एमसील कुठे ठेवलंय? टाकीला गोळी लागली!"

"कुणाला?"

"टाकीला! टाकीला गोळी लागली! मी बोट घालून धरलंय, पण किती वेळ धरू?"

पलीकडून अशी किंकाळी आली, की वाचनालयातले सगळे वाचक उभे राहिले असतील. "काकींना?"

मी "नाही" म्हणायच्या आत फोन ओल्या हातातून सटकला आणि शेजारच्या बादलीत बुडाला.

काकी म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या. त्यांचे यजमान, म्हणजे काका, शिंपी. कोपर्‍यावरच त्यांचं दुकान. बायकोने आधी रुग्णवाहिका बोलावली, मग काकांना फोन केला, मग स्वतः निघाली. काका गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, असे जिना चढत घरी पोचले. पुढचं सगळं मला गॅलरीतून शब्दन् शब्द ऐकू येत होतं.

"अगं, तुला गोळी लागली म्हणे?"

"लागली की!" काकी म्हणाल्या. "सकाळपासून डोकं नुसतं ठणकत होतं. आता कसं हलकं वाटतंय!"

"डोक्याला लागली?"

"मग काय पायाला? एक घेतली, अर्ध्या तासात लागू पडली. अजून एक घेऊ का?"

काका तिथेच खुर्चीत बसले असावेत, कारण काहीतरी धपकन वाजलं. मी वरून ओरडलो, "काका! काकींना नाही, टाकीला!" ओरडताना बोट सटकलं आणि बोलणं ऐकायला खिडकीतून डोकं बाहेर काढलेल्या काकींच्या त्याच हलक्या झालेल्या डोक्यावर धार पडली.

मग एकच गर्दी झाली! काका-काकी वर आले. मागून बायको आली, तिने आधी काकींना मिठी मारली, मग त्या ओल्या का आहेत विचारलं, आणि मग माझ्याकडे असं बघितलं, की भोकात बोटाऐवजी आख्खं शिरता आलं असतं तर बरं, असं मला वाटलं. तिच्या मागून स्ट्रेचर घेऊन रुग्णवाहिकेतला माणूस.

"पेशंट कुठंय?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. शेवटी मी मान टाकीकडे वळवली. "ही."

भला माणूस होता. त्याने टाकीला खालीवर न्याहाळलं, "छर्रा आतच आहे वाटतं," म्हणाला आणि बॅगेतून चिकटपट्टी काढली. माझं बोट सुटलं, तेव्हा ते उकडलेल्या शेंगेसारखं झालं होतं. त्यावरही त्याने पट्टी लावली.

सगळे हसायला लागले. मीही हसलो. आणि त्याच वेळी सासूबाई दारात आल्या.

त्यांनी एकदा टाकी बघितली, एकदा टेबल बघितलं. "कुणी रायफलला हात लावू नका," एवढंच म्हणाल्या. रायफल उचलली, नळी गाद्यांकडे केली, उघडून आत बघितली, पुन्हा बघितली आणि पेटीत ठेवून कुलूप लावलं. मग माझ्याकडे वळल्या. आवाज अजिबात चढला नाही.

"भरलेली रायफल टेबलावर ठेवलीत, जावईबापू. मघाशी गॅलरीत कुणी कपडे वाळत घालत असतं तर?"

गॅलरीत कपडे बायको वाळत घालते. माझं हसणं जागच्या जागी थिजलं. मिक्सर जळला तेव्हा मी शंभर कारणं दिली होती, या वेळी एकही दिलं नाही.

"चुकलो, आई," मी म्हणालो. "सरांना मीच सांगतो सगळं."

दुसर्‍या दिवशी आम्ही दोघं क्लबात गेलो. कोचसरांनी रायफल हातात घेतली, चापाला बोट जेमतेम लावलं आणि टक्! ते दचकलेच.

"हे कुणी केलं?"

"मी," मी पट्टी लावलेलं बोट वर केलं.

"तुम्ही काय करता?"

"विमा कंपनीत आहे."

"असं होय!" ते म्हणाले. "म्हणजे धंदा वाढवताय."

बिनभरल्या रायफलवर त्यांनी चाप पुन्हा होता तेवढा जड केला. सासूबाईंनी जड चेहर्‍याने ती खांद्याला लावली, चाप ओढला. त्या थांबल्या. पुन्हा ओढला. पुन्हा.

"सर, हा अजून हलकाच आहे."

"नाही हो, बाई. पूर्वी होता तेवढाच आहे. मोजून केलाय."

"मग बोट थरथरत कसं नाही?"

सरांनी वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "पातं मागे आलंय! तुमचं बोट आखूड, चाप लांब. इतके दिवस तुम्ही बोट ताणून नुसत्या टोकाने ओढत होता. कुणाचंही बोट थरथरेल! मला आधीच दिसायला हवं होतं." मग त्यांनी माझ्याकडे मोठ्या अविश्वासाने बघितलं. "पातं यांनी सरकवलं?"

मी नम्रपणे खाली बघितलं. सरकवलं म्हणजे सरकलं होतं, पण व्याकरणात शिरायची ती वेळ नव्हती.

सासूबाईंनी स्वतःचं बोट डोळ्यांसमोर धरून हळूच वाकवलं, सरळ केलं. बर्‍याच दिवसांनी भेटलेल्या विद्यार्थ्याकडे बघावं तसं त्या त्याच्याकडे बघत होत्या. "म्हातारं नाही झालं हो हे," त्या म्हणाल्या. "आखूड आहे नुसतं!" आणि खळखळून हसल्या.

रविवारी आम्ही सगळे गेलो. काका-काकीसुद्धा! काकांनी सासूबाईंच्या नेमबाजीच्या जाकिटाची बाही खास सैल करून दिली होती. सासूबाई पहिल्या आल्या नाहीत. तिसर्‍याही नाही. पण पुढच्या फेरीसाठी ज्यांची निवड झाली, त्यांत त्यांचं नाव पुकारलं गेलं, आणि काकींनी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या, की पंचांनी वळून बघितलं.

"आता पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं नाव नको!" बायको म्हणाली.

"थांबतंय कोण?" सासूबाई म्हणाल्या. मग आजूबाजूच्यांना कौतुकाने सांगायला लागल्या, "आमच्या जावयांनी चाप सरकवला, म्हणून कळलं हो!"

माझी मान ताठ झाली. तेवढ्यात गर्दीतून एक आजोबा आपली रायफलची पेटी सांभाळत माझ्यापर्यंत आले. "साहेब, माझाही चाप जरा जड लागतोय. घरी घेऊन जाता का? बघाल जरा?"

"त्यात काय! दोन स्क्रूं..."

"नको!!"

बायको, सासूबाई, काका, काकी आणि कोचसर, पाचही जणांचा आवाज एकदम आला. त्या दिवशी हॉलमध्ये इतका अचूक नेम दुसर्‍या कुणाचाच लागला नाही.