ब्रेंटने लावलेलं फाटक

रविवारी सकाळी नऊ वाजता ब्रेंटने ओपलबाईंच्या कुरणाचं उघडं फाटक लावलं आणि वर कडीही घातली.

"उघडंच होतं ना ते?" नोरीनने गाडीतून विचारलं.

"तेच तर! निष्काळजी लोक."

हे नवरा-बायको शिकागोहून ओझार्कच्या डोंगरात जमीन बघायला आले होते. आपलं पिकवायचं, आपल्या विहिरीचं प्यायचं, कुणाचे उपकार नकोत, असा बेत. आतापर्यंत पाहिलेली प्रत्येक काउंटी, म्हणजे तिथला जिल्हा, ब्रेंटने नापास केली होती. तिकडे शिकागोतलं घर विकूनही झालं होतं. म्हाताऱ्या ओपलबाई त्यांना जमीन द्यायची की नाही, ते आज सांगणार होत्या.

ब्रेंटने मातीची चिमूट जिभेवर ठेवली. "माती उत्तम. पाऊस पुरेसा."

"आणि शेजारी?"

"गरज नाही."

ऊन चढलं. तहानलेल्या गाईंनी कुंपण पाडलं आणि वास काढत थेट खालचं चर्च गाठलं. तिथल्या अंगणात त्यांचीच पाण्याची टाकी होती. माणसाला पाण्यात पुरतं बुडवून बाप्तिस्मा द्यायला चर्चने ती ओपलबाईंकडून उसनी आणली होती. टाकीत ओपलबाईंच्या शेजारचा हॉयट उभा होता. लग्नापासून विनवण्या करून बायकोने त्याला आज कसाबसा तयार केलं होतं.

"हॉयट, हलू नकोस," पाद्री म्हणाले.

"हलू कुठे? दोन्हीकडून गाई आहेत!"

"पाणी संपायच्या आत बुडवा हो त्याला!" बायको ओरडली. "पुन्हा नाही यायचा तो!"

पाणी गुडघ्याखाली गेलं होतं. पाद्रींनी हॉयटला आडवा पाडून हप्त्याहप्त्याने बुडवला. तेवढ्यात गाईंच्या मागावर ब्रेंट-नोरीन धापा टाकत पोचले.

"फाटक कोणी लावलं?" ओपलबाईंनी विचारलं.

"मी. गाई बाहेर जाऊ नयेत म्हणून..."

"अरे बाबा, टाकी इथे, म्हणून गाईंना तळ्यावर जायला ते उघडं ठेवलं होतं! उघडं दिसलं तर उघडं ठेवावं, लावलेलं दिसलं तर लावावं. इथलं शेंबडं पोरही जाणतं."

मग सगळ्या चर्चने गाई हाकल्या, कुंपण उभं केलं, टाकी कुरणात नेऊन भरली. वर ब्रेंटच्या हातात बटाट्याच्या सॅलडची बशीही दिली.

"जा, फाटक जसं असायला हवं तसं करून ये," ओपलबाई म्हणाल्या. "मग जमिनीचं बोलू." आणि त्या गार चहा घेऊन आपल्या घराच्या ओसरीत बसल्या.

ब्रेंट फाटकाशी थबकला. सापडलं होतं उघडं. पण आता टाकी परत आली होती.

"ओपलबाई, उघडं की बंद?"

ओपलबाईंनी चहाचा घोट घेतला.

"शेजाऱ्याला विचार ना!" नोरीन दातओठ खात म्हणाली.

शेवटची खबर मिळाली तेव्हा ब्रेंट हॉयटच्या घराकडे निघाला होता. वाटेत हॉयटचं फाटक लागलं. ते अर्धं उघडं होतं.